नाव तेच, घर निराळं



मागच्या महिन्यात दोन दिवस मी बिनसाखरेचा चहा प्यायले. कारण ऐकाल तर हसाल.

आमच्या कॉलनीत माझ्या नावाच्या दोघीजणी आहेत. एक मी आणि दुसऱ्या मागच्या गल्लीतल्या वहिनी. दोघींचं नाव एक, आडनाव पाटील, आणि दोघींच्या यजमानांच्या नावाचं पहिलं अक्षरही एकच. (माझं नाव इथे सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातल्या निम्म्याजणी "अगं बाई, मीसुद्धा!" म्हणतील.) योगायोग असा, की आम्ही दोघी एकाच सकाळी रक्त तपासायला गेलो. संध्याकाळी पाकीट घरी आलं. उपाशीपोटीची साखर वाचली आणि माझ्या पोटात गोळाच आला. दोन दिवस गोड बंद, भात बंद, घरात सगळ्यांची तोंडं एवढीशी. तिसऱ्या दिवशी धाकट्या जाऊबाई आल्या. त्यांनी कागद हातात घेऊन पहिलाच प्रश्न विचारला, "वहिनी, तुम्हाला बासष्टावं कधी लागलं?"

कागदावर वय 62 लिहिलेलं होतं. आकड्याच्या भीतीनं मी ते पाहिलंच नव्हतं. बासष्टला मला अजून बराच अवकाश आहे, बरं का!

आम्ही हसलो खऱ्या, पण नंतर मनात आलं, की मागच्या गल्लीतल्या वहिनींचं काय झालं असेल? त्यांच्या हातात माझा कागद. सगळं ठीक आहे म्हणून त्यांनी दोन दिवस गोळी घेतली नव्हती आणि नातवाच्या वाढदिवसाला दोन जिलब्याही खाल्ल्या होत्या. सुदैवानं काही बिघडलं नाही. पण बिघडू शकलं असतं, आणि ते केवळ नाव सारखं म्हणून. म्हणून आज स्वयंपाकघराबाहेरच्या, पण तितक्याच घरगुती विषयावर बोलू या.

आपल्या खानदेशात हा प्रश्न जरा जास्तच. मंगल कार्यालयात "पाटीलबाई" अशी हाक मारून बघा, अर्ध्या पंगतीच्या माना वळतील. उरलेल्यांत चौधरी, महाजन, सोनवणे आणि पवार. त्यातून आपल्या पिढीत नावंही ठरावीकच. एकेका वर्गात तीन-तीन सुनंदा, चार-चार मंगला. मग आपणच वाट काढतो. चक्कीवाल्या पाटीलबाई, कोपऱ्यावरच्या पाटीलबाई, मास्तरांच्या पाटीलबाई. माझी आई धुळ्याच्या माहेराहून जळगावला येई, तेव्हा आमच्या गल्लीत ती शेवटपर्यंत "धुळ्याच्या काकू"च होती. माणसाचं नाव मागे पडलं, गावाचं नाव पुढे आलं. सासरी आलेल्या सुनेलाही घरोघरी असंच म्हणतात. पारोळेवाली, एरंडोलवाली, अमळनेरवाली. ज्या गावातून आपण निघून आलो, त्याच गावाचं नाव आयुष्यभर आपल्याला लावलं जातं. गंमत आहे, नाही का?

गावांनाही जावा असतात

गावाचं नाव लावलं म्हणजे गोंधळ मिटला असं मात्र नाही, कारण गावंसुद्धा एका नावाची कितीतरी आहेत. आपलं जळगाव जिल्ह्याचं ठिकाण, म्हणून आपल्याला वाटतं जळगाव एकच. पण बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आहे, येवला तालुक्यात जळगाव नेऊर आहे, आणि बारामती तालुक्यात तर जळगाव सुपे आणि जळगाव कडेपठार अशी दोन आहेत. धुळे जिल्ह्यात शिरपूर आहे आणि वाशीम जिल्ह्यात जैनांच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचं शिरपूर आहे. साक्री तालुक्यात पिंपळनेर आहे आणि संत निळोबारायांचं पिंपळनेर पारनेर तालुक्यात. पिंपळगाव म्हणाल तर पाचोरा तालुक्यातलं पिंपळगाव हरेश्वर निराळं आणि नाशिककडचं पिंपळगाव बसवंत निराळं.

असं का झालं? पूर्वजांनी वस्ती केली तेव्हा आजूबाजूला पाहिलं. पिंपळ दिसला, पिंपळगाव झालं. वड दिसला, वडगाव झालं. चिंच दिसली, चिंचोली झाली. झाडं सगळीकडे तीच, मग नावंही तीच. पुढे एकाच शिवारात एका नावाच्या दोन वस्त्या झाल्या, तेव्हा एकीला बुद्रुक आणि दुसरीला खुर्द म्हणू लागले. हे दोन्ही शब्द मुळात फारसीतले. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. रावेर तालुक्यात विवरे बुद्रुक आणि विवरे खुर्द आहेत, वाघोदे बुद्रुक आणि वाघोदे खुर्द आहेत. एका घरातल्या थोरल्या आणि धाकट्या जावाच म्हणा ना! आडनाव एक, चूल वेगळी. बुद्रुक-खुर्द लिहायला जी विसरते, तिचा भाऊ भाऊबीजेला थोरल्या गावात ओवाळणीचं ताट शोधतो आणि बहीण धाकट्या गावात दाराशी उभी राहते.

गावांच्या नावांचा हा अभ्यास आपल्या धुळ्याशी जोडलेला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी शब्दांच्या आणि नावांच्या व्युत्पत्तीचं मोठं काम केलं. त्यांचं निधन 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच झालं, आणि त्यांच्या नावानं उभं राहिलेलं राजवाडे संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. मुलांना सुटीत एकदा अवश्य घेऊन जा.

आत्याच्या लग्नाची पत्रिका

आता घरातलीच एक गोष्ट सांगते. माझ्या आत्याचं लग्न 1968 साली धुळ्याला झालं. (आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात.) आजोबांनी घाईघाईत पत्रिका लिहिल्या. त्यांचे एक मावसभाऊ जळगाव जामोदला होते. आजोबांनी पाकिटावर नाव लिहिलं आणि खाली नुसतं "मु. पो. जळगाव". ना तालुका, ना जिल्हा. पत्रिका आपल्या जळगावला आली, इथे त्या नावाचा माणूस कुणाला सापडला नाही, आणि लग्न होऊन दोन आठवडे झाल्यावर ती धुळ्याला परत आली. यात टपालाची काहीच चूक नव्हती. मावसभाऊ मात्र असे रुसले, की सात वर्षं त्यांनी आमच्या घरचं पाणी प्यायलं नाही. आजोबांनी ती परत आलेली पत्रिका पेटीत जपून ठेवली. "बघा, धाडली होती" असं दाखवायला!

या गोष्टीनंतर चारच वर्षांनी, 15 ऑगस्ट 1972 रोजी, देशात पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ. टपालखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि संस्कृतात काव्यं आणि नाटकंही लिहीत. वेगवेगळ्या भाषांतली पत्त्यांची अक्षरं, चुकीचे पत्ते आणि एका नावाची अनेक गावं यांवर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. पहिला आकडा भाग सांगतो. आपला 4, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पुढचे आकडे आपल्याला जवळ जवळ नेत थेट टपालकचेरीच्या दारात सोडतात. जळगावचा 425001, जळगाव जामोदचा 443402. आजोबांना हे सहा आकडे चार वर्षं आधी मिळाले असते, तर सात वर्षांचा रुसवा टळला असता.

आणि आत्याचं नाव

पण पत्रिकेची गोष्ट इथे संपत नाही. आत्या सासरी आली, ते जळगाव जिल्ह्यातलं शेतकऱ्याचं घर. थोरल्या जावेचं नाव नेमकं आत्याचंच. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील? मग तांदळाच्या ताटात अंगठीनं दुसरं नाव लिहिलं, आणि अठरा वर्षं जे नाव ऐकून आत्या वळून पाहायची ते एका संध्याकाळी पुसलं गेलं. तिनं तक्रार केली नाही. त्या काळी कोण करी? आईनं दिलेल्या पितळी डब्याच्या झाकणावर मात्र भांडीवाल्यानं माहेरचंच नाव घातलेलं होतं. आत्या तो डबा रोज घासायची. एकदा मला म्हणाली, "आता मला त्या नावानं हाक मारणारं एवढं झाकणच राहिलंय."

पन्नास वर्षं सगळं ठीक चाललं. 2019 साली आजोबांच्या शेताची वाटणी निघाली. साडेचार एकर कोरडवाहू रान. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क मिळालेला आहे, हे माझ्या भावांना ठाऊक होतं. आत्याला हिस्सा द्यायला ते मनापासून तयार होते. अडचण माणसांची नव्हतीच, अडचण नावाची होती. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारकार्डावर आणि रेशनकार्डावर दुसरं. लग्नाची नोंद केलेली नाही. दोन्ही नावांची बाई एकच आहे हे सांगणारा कागद कुठे? आत्या कचेरीच्या बाकावर बसून मला म्हणाली, "मी कोन शे ते माले माहीत शे, कागदले माहीत नही."

आणि मग ती पत्रिका कामाला आली! आजोबांच्या पेटीत, जळगावहून परत आलेली. तिच्यात आत्याचं माहेरचं नाव, फुवांचं पूर्ण नाव आणि लग्नाची तारीख छापलेली होती. आणि साक्ष कुणी द्यावी? त्याच थोरल्या जावेनं. त्या तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. प्रतिज्ञापत्रावर त्यांनी अंगठा उठवला आणि आत्याला म्हणाल्या, "माझ्यामुळे तुझं नाव गेलं होतं गं. आज परत देते." दोघी जावा तिथेच रडल्या. पुढे राजपत्रात नाव छापून आलं, वारसनोंद झाली. कागदावर आता आत्याची दोन्ही नावं आहेत, आणि मध्ये एक छोटासा शब्द, "उर्फ".

हे सगळं व्हायला चौदा महिने लागले. घरात भांडण नसताना चौदा महिने. भांडण असतं तर काय झालं असतं, याचा विचार तुम्हीच करा.

दोन बहिणाबाई

नाव सारखं असणं ही काही वाईट गोष्ट नव्हे. आपल्या मातीतलंच उदाहरण घ्या. नुसतं बहिणाबाई म्हटलं तर वारकरी माणसाला तुकोबांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई आठवतील. त्यांचं गाव वैजापूर तालुक्यातलं शिऊर. आपल्या डोळ्यांपुढे येतात त्या बहिणाबाई चौधरी. 1880 साली आसोद्याच्या महाजनांच्या घरी जन्मल्या, जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी सून म्हणून आल्या आणि 3 डिसेंबर 1951 रोजी गेल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर आणि शेतात काम करता करता गाणी रचली. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी. (आणि त्यांचंही नाव ज्ञानेश्वरांच्या भावाचं!) 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकरूपानं आली आणि महाराष्ट्राला दुसऱ्या बहिणाबाई मिळाल्या. 2018 साली आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं, तेसुद्धा कसं, तर "कवयित्री बहिणाबाई चौधरी" असं पूर्ण. नाव एक असलं तरी दोघींची ओळख कुणी मिसळत नाही, कारण पुढे-मागे जोडलेले शब्द आपण काळजीनं लिहितो.

आणि प्रतिभाताई! प्रतिभा पाटील नावाच्या बायका आपल्याकडे तालुक्यागणिक सापडतील. पण बोदवड तालुक्यातल्या नाडगावला जन्मलेल्या एक प्रतिभाताई 2007 ते 2012 देशाच्या राष्ट्रपती होत्या, पहिल्या महिला राष्ट्रपती. त्यांचं नाव नीट वाचा: प्रतिभा देवीसिंह पाटील. मधलं नाव यजमानांचं, आडनाव मात्र माहेरचं. यजमानांचं आडनाव शेखावत. म्हणजे लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं तर हौसेनं बदला, ठेवायचं तर हक्कानं ठेवा. पण जे कराल त्याचा कागद करा.

आता कामाचं बोलू

1. तपासणीचा कागद: आकडे वाचण्याआधी नाव, वय आणि तारीख वाचा. नमुना देताना नाव पूर्ण सांगा, यजमानांचं नाव आद्याक्षरानं नको, सबंध सांगा. बाटलीवर चिठ्ठी चिकटवताना आपल्या डोळ्यांनी पाहा. यात लाजण्यासारखं काही नाही.

2. पत्ता: मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड, पाचही लिहा. बुद्रुक-खुर्द गाळू नका. लग्नपत्रिकेत कार्यालयाचा पत्ता छापताना तर मुळीच नको. पाहुणे हल्ली फोनवर नकाशा बघत येतात, आणि नकाशालाही शिरपूर दोन दिसतात!

3. फोनमधली नावं: "सुनंदा" असं नुसतं साठवू नका. "सुनंदा चोपडा", "सुनंदा भिशी" असं गावाचं किंवा कामाचं नाव जोडा. फोनवरून पैसे पाठवताना पडद्यावरचं नाव बरोबर दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. नंबराचे शेवटचे चार आकडे ताडून पाहा. पहिल्यांदा पाठवत असाल तर एक रुपया पाठवा, विचारून घ्या, मगच बाकीचे.

4. बँकेतला वारस: पासबुकावर नॉमिनी म्हणून "आक्का", "बेबी" अशी घरातली नावं घातलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. आधारकार्डावर जसं आहे अक्षरशः तसंच नाव हवं. ऱ्हस्व-दीर्घाचा फरकसुद्धा पुढे नडतो.

5. दोन नावांची पिशवी: ज्यांचं नाव लग्नात बदललं, त्यांनी एक स्वतंत्र पिशवी करावी. तीत शाळा सोडल्याचा दाखला, लग्ननोंदणीचा दाखला, लग्नाची एक पत्रिका, नाव बदलल्याचं राजपत्र आणि आधारकार्डाची प्रत ठेवावी. लग्नाची नोंद केली नसेल तर चौकशी करून करून घ्या. "उर्फ" लावून दोन्ही नावं एकत्र असलेला निदान एक तरी सरकारी कागद तुमच्यापाशी असू द्या.

6. मुलांची नावं: 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहिलं जातं. त्याच निर्णयात विवाहित स्त्रीला मालमत्तेच्या कागदावर लग्नाआधीच्या नावानं नोंद करण्याची मुभाही आहे. सुनेच्या बाळंतपणाची धावपळ असेल तेव्हा आईचं नाव बिनचूक लिहिलं आहे ना, हे आजीनं जरूर पाहावं.

7. भांड्यांवरची नावं: हळदीकुंकवाला, बारशाला डबे इकडचे तिकडे होतातच. नुसतं "सौ. पाटील" घालून काय उपयोग? स्वतःचं नाव घाला, गल्लीचं किंवा गावाचं घाला. आणि लेकीला भांडी देताना तिचं माहेरचं नाव एका तरी डब्यावर घाला. ते झाकण पुढे कधी काय बोलेल, सांगता येत नाही.

8. नवी सून: घरात त्याच नावाची जाऊ किंवा नणंद आहे म्हणून सुनेचं नाव बदलू नका. आपल्या बापजाद्यांनी गावांची नावं पुसली नाहीत, बुद्रुक आणि खुर्द जोडलं. घरात थोरली सुनंदा आणि धाकटी सुनंदा सुखानं नांदतील. हाक मारताना थोडा गोंधळ होईल, दोघी एकदम "ओ" देतील. होऊ द्या. दोघी मिळून कामाला येतील, तेवढाच फायदा!

मागच्या गल्लीतल्या वहिनींशी माझी आता चांगली गट्टी जमली आहे. पुढच्या तपासणीला आम्ही दोघी मिळूनच जाणार आहोत, आणि आपापलं वय मोठ्यानं सांगणार आहोत. बायकांनी वय मोठ्यानं सांगायचं म्हणजे कठीणच, पण सांगू.

तुम्ही मात्र आज एक करा. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की एक कोरा कागद घ्या. त्यावर आपलं माहेरचं पूर्ण नाव लिहा, खाली सासरचं पूर्ण नाव लिहा आणि मध्ये "उर्फ" लिहा. मग कपाट उघडून बघा, या दोन्ही नावांना जोडणारा कागद घरात आहे का. असेल तर निवांत झोपा. नसेल तर उद्या सकाळच्या कामांच्या यादीत, भाजीच्याही वर, तो घाला.